निळीचा कालवा

माझं नाव शलमोन. घोडनदीच्या, म्हणजे सरकारी भाषेत शिरूरच्या, आमच्या मिशन कंपाउंडात पोरांची नावं पवित्र शास्त्र उघडून ठेवायची पद्धत होती. माझ्या वेळी पुस्तक नेमकं शहाण्या राजाच्या पानावर उघडलं. त्या राजानं देवाकडे शहाणपण मागून घेतलं होतं. माझी मागायची वेळ आली तेव्हा मी बहुधा खिडकीबाहेर बघत होतो. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आमच्या आईनं, म्हणजे प्रेमाबाईनं, माझ्यावर इतक्या वेळा वापरली की शेजारच्या काही बायका मला सोनुबाई म्हणूनच ओळखत.

मास्तर व्हायचं मी ठरवलं तेही खिडकीमुळेच. शाळेत एकच खुर्ची असते, ती मास्तरांची असते आणि खिडकीजवळ असते. पोरं पाढे म्हणत असतात, बाहेर ढग चाललेले असतात आणि मधे आपण बसलेले असतो. याहून सुखाची नोकरी देवानं निर्माण केली असेल तर ती मला कुणी दाखवली नव्हती. दुसरी नोकरी दाखवली होती ती फक्त बन्यामीनमामानं. तो दौंडला रेल्वेच्या लोकोशेडमध्ये होता. तिथं इंजिनांच्या पोटातली राख ओढून काढणाऱ्याची एक जागा त्यानं माझ्यासाठी वशिला लावून धरून ठेवली होती. "शेवटच्या पाठात नापास झालास की सरळ दौंडची गाडी धर," एवढंच तो म्हणायचा. मामा वाईट माणूस नव्हता. पण त्या शेडला खिडकी नव्हती. मी स्वतः जाऊन बघितलं होतं.

हा शेवटचा पाठ म्हणजे आम्हा शिकाऊ मास्तरांचं अग्निदिव्य. महिनाभर एखाद्या गावात शिकवायचं आणि अखेरीस शाळा तपासणाऱ्या दिपोटीसाहेबांसमोर एक पाठ घ्यायचा. साधलं तर मास्तर, फसलं तर राख. माझ्या वाट्याला इनामगावच्या अलीकडची, घोड नदीच्या काठची बोरमळा ही वस्ती आली. निघायच्या दिवशी सगळं कंपाउंड उपदेश करायला जमलं. दयाबाई नर्सनं हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या दिल्या. चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्या विल्यमकाकांनी आवाज पोटातून काढायला सांगितलं आणि काढूनही दाखवला, तेव्हा शेजारचं कुत्रं उठून गेलं. आईनं मात्र निळीचा भलामोठा पुडा हातात ठेवला आणि बजावलं की मास्तराला एक वेळ अक्कल कमी असली तरी चालेल, सदरा पांढरा पाहिजे. त्या पुड्याला पुढं काय काय भोगावं लागणार होतं, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार.

बोरमळ्याच्या शाळेला एक खोली, एक कडुलिंब आणि एक गुरुजी होते. गुरुजींचं नाव मारुतराव. राहू गावाला त्यांचा ऊस होता आणि गुऱ्हाळ नुकतंच सुरू झालं होतं, त्यामुळे माझ्या येण्यानं त्यांना झालेला आनंद मला बघवेना. किल्ली माझ्या हातात देता देता त्यांनी एकच सल्ला दिला. एका घरचं दूध प्यायलात तर सगळ्या घरचं प्या, नाहीतर कुणाच्याच घरचं पिऊ नका. मला हा सल्ला पोटाविषयी वाटला. तो राजकारणाविषयी होता, हे कळेपर्यंत मी बरंच दूध प्यायलो होतो.

आमच्या ट्रेनिंगमध्ये एक मंत्र घोटून घेतलेला असे: ज्ञाताकडून अज्ञाताकडे. म्हणजे मुलाला जे ठाऊक आहे तिथून सुरुवात करायची आणि ठाऊक नाही तिथं त्याला अलगद नेऊन सोडायचं. माझा पाठ होता तिसरीचा भूगोल, 'आपल्या गावाचा नकाशा'. कागदावरचा नकाशा कुणीही काढील. मी ठरवलं की शाळेच्या अंगणातच मातीचं बोरमळा करायचं. पोरांनी पावलांनी शेतं मोजली, चिखलाचे बांध घातले, काड्यांची झाडं रोवली, वाळू आणून घोड नदी केली. दुपारी पोरं पांगली की मी लिंबाखाली आडवा होऊन ते इवलंसं गाव बघत राही. उन्हात चिखल वाळत जाई, मुंग्या बांधाबांधानं चालत, आणि डोळे अर्धे मिटले की मला त्या मुंग्यांची नावंसुद्धा कळायला लागत. मोठ्या बोरमळ्यापेक्षा हे बोरमळा मला जास्त खरं वाटायचं, आणि अजूनही वाटतं.

पहिली ठेच गेणबामुळे लागली. गेणबा म्हणजे शाळेमागच्या मळ्याचा मालक, आणि त्याच्या बांधाला बांध अनसाबाईचा. अनसाबाई एकटी राहणारी विधवा बाई, जिभेची तिखट आणि हातानं सढळ. या दोघांचा बांधावरून मागच्या पिढीपासून बेबनाव. गेणबा नकाशापुढं उकिडवा बसला, त्यानं बोटांनी दोन्ही शेतं मोजली आणि अनसाबाईचं शेत दोन बोटं जास्त भरल्याचं मला सांगितलं. हा नकाशा आहे, मोजणी नव्हे, असं मी समजावलं. गेणबा मान डोलावून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चिखलाचा बांध दोन बोटं सरकलेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तो तीन बोटं उलटीकडे. खऱ्या शेतात बांध कोरायला रात्र घालवावी लागते. इथं शेरडं हाकता हाकता पायाच्या अंगठ्यानं काम होत होतं. तक्रारी घेऊन दोघंही माझ्याकडेच येत आणि न्याय मागत. शलमोन हे न्यायाचंच नाव असल्याचं त्या बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं. मी दोघांचंही ऐकून घेई आणि दोघांच्याही घरचं दूध पिई.

दुसरी ठेच भामाबाईची. भामाबाई धनगराची. तिच्या घरच्यांनी शेती धरली होती, पण तिनं थोडी मेंढरं राखली होती. सुगी झालेल्या शेतात ती रात्री मेंढरं बसवायची, म्हणजे शेताला खत मिळे आणि तिला धान्य. एका सकाळी ती आली आणि माझ्या नकाशातल्या एका शेतात तिनं मूठभर लेंड्या टाकल्या. माझ्या कलाकृतीवर लेंड्या पडल्याचं पाहून मला फार लागलं. मी जरा पोटातूनच आवाज काढून विचारलं, हे काय?

"वाडा," ती म्हणाली. "समद्यांची घरं काडली तुम्ही. आमचं घर रोज हालतं, म्हनून तुम्हाला घावलं न्हाई. म्या ठिवत जाईन."

त्यानंतर ती रोज सकाळी येऊन कालच्या लेंड्या उचलायची आणि रात्री मेंढरं जिथं बसली त्या शेतात ठेवायची. मीही उठल्या उठल्या आधी तिचा वाडा आज कुठं गेला ते बघायला लागलो. सगळ्या नकाशात तेवढंच घर चालत होतं.

आता निळीचं सांगतो. एका दुपारी ऊन मी म्हणत होतं. मी लिंबाखाली पडलो होतो. गाव फार कोरडं दिसत होतं. चिखलाला तडे गेले होते, आणि मला वाटलं, नदीतून एक पाट निघाला तर? इकडून वळला, गेणबाच्या मळ्याला शिवला, अनसाबाईच्या दारावरून गेला, तर? मला पाणी दिसलंच. त्याचा आवाज आला. कडेला हिरवं उगवायला लागलं. पुढचं मी जागेपणी केलं की झोपेत, ते मला आजही सांगता यायचं नाही. पण संध्याकाळी माझे हात कोपरापर्यंत निळे होते, पुडा रिकामा होता, आणि बोरमळ्याला कालवा आला होता. त्या निळीतला एक कणही माझ्या सदऱ्याला लागला नाही. सदरा पुढं उत्तरोत्तर पिवळा होत गेला.

त्या दिवसांत वर चिंचणीला धरणाचं काम चाललं होतं. कालवे निघणार, ही बातमी हवेतच होती. कुठून निघणार हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि आता ते अचानक शाळेच्या अंगणात निळ्या रंगात दिसत होतं. दुसऱ्या दिवशी गेणबा जवळ सरकून हळूच म्हणाला, "मास्तर, सरकारनं धाडलंय न्हवं तुम्हाला?" मी नाही म्हटलं. "आसंच म्हनायचा हुकूम आसंल," तो म्हणाला आणि समजूतदारपणे हसला. मी शपथ घेतली, तेव्हा तर त्याची खात्रीच पटली. साधा मास्तर कशाला शपथ घेईल?

मग जे सुरू झालं ते मी खरं तर लाजेनं सांगायला पाहिजे. पण लाजेबरोबर थोडं सुखही आठवतं. मला उभ्या आयुष्यात कुणी पाट-चौरंग मांडला नव्हता. आता दारी शेंगा, दूध, काकवी आणि एक कोंबडीही यायला लागली. जो तो यायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि जाता जाता म्हणायचा की कालवा जरासा आमच्या अंगाला वळवता आला तर बघा. माझं नाही म्हणणं कुणी ऐकत नव्हतं, म्हणून नाही म्हणण्यातला माझा जोर हळूहळू ओसरला. कुणी ना कुणी नीळ आणून देई, आणि मी कालवा जरासा वळवी. आठवडाभरात त्या कालव्याला इतकी वळणं पडली की पाणी खरंच सोडलं असतं तर ते भोवळ येऊन पडलं असतं. दोन माणसांना तर कालवा नकोच होता. त्यांच्या जमिनी त्यात जात होत्या. त्यांच्यासाठी मी एक पूल केला.

मारुतराव गुरुजी मधे एकदा येऊन हे सगळं बघून गेले. त्यांनी मला रागावायला पाहिजे होतं. त्याऐवजी ते पारावर बसले आणि उसाचं बेणं लागलं तर राहूहून गाडी धाडतो, असं लोकांना सांगून परत गेले.

पाठ उद्यावर आला तेव्हा सकाळी मी अनसाबाईनं धाडलेली भाकरी खात होतो. भामाबाई वाडा हलवायला आली होती. तिनं माझ्या भाकरीकडे बघितलं आणि सहज सांगितलं की अनसाबाईनं बियाण्याची बाजरी दळायला काढलीय. कालवा आल्यावर बाजरी कोण पेरतंय, ऊसच लावायचा, असं ती म्हणते.

हातातला घास मी खाली ठेवला. बियाण्याची बाजरी म्हणजे वर्षभर कणगीत जपून ठेवलेली, उपाशी राहिलं तरी हात न लावायची. ती मी दुधात कुस्करून खात होतो. मी तसाच उठून अनसाबाईकडे गेलो आणि कालवा खोटा आहे, बेणं सांगू नका, बाजरी दळू नका, असं हात जोडून सांगितलं. तिनं माझ्याकडे मायेनं बघितलं. "तुमच्यावर लई दाब हाय वाटतं मास्तर," ती म्हणाली आणि आणखी एक भाकरी बांधून दिली.

निदान कालवा पुसून टाकावा म्हणून मी परतलो, तर अंगणात तलाठी भाऊसाहेब उभे. कालव्याची बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती आणि त्यांच्या सजेत, म्हणजे त्यांच्या ताब्यातल्या गावांत, त्यांना न विचारता कालवा निघाल्याचं त्यांना फार लागलं होतं. जमिनीचा नकाशा काढणं हे महसूल खात्याचं काम, शाळाखात्याचं नव्हे, असं म्हणून त्यांनी पंचांसमक्ष बांध मोजले, लेंड्या मोजल्या, पुलाची लांबी घेतली. मी म्हटलं, पुसून टाकतो. ते म्हणाले, तालुक्याहून हुकूम येईपर्यंत कुणीही यातलं ढेकूळ हलवायचं नाही. आणि नकाशाभोवती त्यांनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालून घेतलं. मी लिंबाखाली पडलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला तिथं झोप आली नाही.

पेच साधा होता. माझं अनसाबाई ऐकत नव्हती. ती ऐकेल तर फक्त खऱ्या सरकारी माणसाचं, आणि तो उद्या टोपी घालून येणार होता. पण त्याच्यासमोर मीच म्हणायचं की माझा नकाशा खोटा आहे, म्हणजे पाठ तिथंच संपला. गप्प राहिलो असतो तर मी मास्तर झालो असतो, आणि जूनमध्ये अनसाबाईच्या हातात पेरायला काही नसतं. मला दौंडची शेड दिसायला लागली. माझ्या डोळ्यांना दिसायची सवयच वाईट.

दिपोटीसाहेब बैलगाडीतून आले. सोला टोपी, हातात छत्री, चेहऱ्यावर गाडीचे सगळे धक्के. काट्यांच्या कुंपणाला टेकून तिसरीची पोरं बसली होती आणि त्यांच्यामागं सगळं गाव. साहेब एवढंच म्हणाले की तिसरीचा पट चांगला आहे.

पाठाला पायऱ्या असतात. आधी प्रस्तावना, मग हेतुकथन, म्हणजे आज काय शिकायचं ते मुलांना सांगणं. माझी प्रस्तावना कशीबशी झाली. हेतुकथनाला मी तोंड उघडलं आणि विल्यमकाकांनी शिकवलेला आवाज कुठून कोण जाणे, आपोआप पोटातून आला.

"मुलांनो, आज आपण आपल्या गावाचा नकाशा शिकणार आहोत. त्यातला कालवा खोटा आहे."

साहेबांनी मान वर केली. गेणबा उठला आणि त्यानं अदबीनं विचारलं की मास्तरांना असं म्हणायचा हुकूम आहे का. साहेब म्हणाले, "कसला हुकूम? कालव्याशी माझ्या खात्याचा संबंध नाही आणि यांचा तर कशाशीच दिसत नाही."

मग अनसाबाई उभी राहिली. "मंजी खरंच न्हाई?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. "मला तिथं पाणी दिसलं, म्हणून मी काढला."

"दिसलं? कुठनं?"

"या लिंबाखालून."

तिनं लिंबाकडे बघितलं, निळ्या रेघेकडे बघितलं. आता ती मला काय काय म्हणेल याची मी मनात तयारी केली. माझ्या मते त्यातलं सगळं मला लागू होतं. पण ती हळू आवाजात, जणू आम्ही दोघंच आहोत अशी, म्हणाली, "मला बी दिसतं कवा कवा. पर म्या कुनाला सांगत न्हाई."

मला रडू आलं. मास्तरांनी वर्गात रडू नये असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात, म्हणून मी फळ्याकडे तोंड केलं. फळा आत खोलीत होता, त्यामुळे मी भिंतीकडे बघत उभा राहिलो. मागून गेणबाचा आवाज आला. बियाणं कमी पडलं तर तो द्यायला तयार होता, मात्र अनसाबाईनं बांध जागच्या जागी ठेवावा. अनसाबाईनं त्याला निम्मं बियाणं अजून कणगीतच असल्याचं आणि बांध कुणी सरकवला तेही सांगितलं. पाचेक मिनिटं दिपोटीसाहेबांना कुणी विचारलं नाही.

मग कुणीतरी कालवा पुसायला काटे उचलले, तर भाऊसाहेब आडवे आले. हुकूम येईपर्यंत हात लावायचा नाही. या गडबडीत साहेबांनी छत्रीच्या टोकानं नकाशाकडे खूण करून मला विचारलं, "यात शाळा कुठे आहे?"

मी बघितलं. नदी होती, मारुतीचं देऊळ होतं, नसलेला पूल होता. शाळा नव्हती. शाळेतून बाहेर बघायच्या नादात शाळा काढायची राहूनच गेली होती. माझा पाठ होता तेवढाही संपला.

तेवढ्यात भामाबाईनं माझ्या हातातला खडू घेतला, काट्यांतून हात घातला आणि लिंबाच्या काडीखाली तो नीट आडवा ठेवला. "ही शाळा," ती साहेबांना म्हणाली, "आन् ह्ये मास्तर."

"आडवे का?"

"कवाबी बगा, आडवंच आसत्यात."

आधी पोरं हसली, मग गाव हसलं, आणि शेवटी टोपीखालून साहेबही हसले. माझ्या अब्रूचा पंचनामा एवढ्या पंचांसमोर कधीच झाला नव्हता. गाडीत बसताना साहेबांनी मला जवळ बोलावलं. ते म्हणाले, "ज्ञात तुमचं सगळं चुकलंय. अज्ञाताबद्दल मात्र खरं बोललात, आणि तेही नापास व्हायची भीती असताना. पास करतो. सदरा धूत जा."

मी मास्तर झालो. पहिली नेमणूक दौंडला मिळाली, लोकोशेडच्या अगदी शेजारी. खिडकी उघडली की मामाच्या इंजिनांचा धूर वर्गात येई, आणि मामाला त्याचं फार समाधान होतं.

खरा कालवा यायला बरीच वर्षं लागली. तो आला सरळ, कुणाच्या दूधभाकरीला न भुलता. गेणबाच्या मळ्याला शिवला नाही, पण अनसाबाईच्या बांधापासून हाकेच्या अंतरावरून गेला. तो बघायला म्हणून मी बोरमळ्याला गेलो. शाळेच्या अंगणात काट्यांचं कुंपण होतं आणि कुंपणात माझा नकाशा जसाच्या तसा होता. तालुक्याहून हुकूम अजून आलेला नव्हता. त्यामुळे दर पावसाळ्यानंतर पोरं चिखल लिंपून आणि नीळ घालून तो पुन्हा होता तसा करत, सगळ्या वळणांसकट, पुलासकट. मधल्या काळात दोन तलाठी बदलले होते, पण नकाशा मोडायची जबाबदारी घ्यायला कुणी तयार नव्हतं.

भामाबाई लिंबाखाली बसली होती, पार म्हातारी झालेली. मेंढरं आता नव्हती. मी वाकून बघितलं. काडीखाली खडूचा तुकडा होता, कोरा, नवा, आणि आडवाच.

"पावसात इरघळतो," ती म्हणाली. "मंग म्या दुसरा ठिवते."

मी विचारलं, आता तरी उभा का नाही ठेवत? मला मास्तर होऊन इतकी वर्षं झाली.

"झोपू द्या म्हनलं," भामाबाई म्हणाली. "पुन्यांदा काय तरी दिसंल."